मुलांसह चार दिवस निलगिरीवर
(नभोवाणीवरून झालेलें भाषण)

उन्हाळ्याची सुटी लागली, कीं घरोघरीं एकच प्रश्न निघतो : मुलांना घेऊन चार दिवस थंड हवेच्या ठिकाणीं कोठें जावें? ठिकाणें पुष्कळ आहेत, आणि तेथें काय काय पाहावें याच्या याद्याही पुष्कळ मिळतात. परंतु जेथें आपण जातों तेथली हवा थंड कां असते, तिचा लहानग्यांच्या शरीरावर काय परिणाम होतो, व थोड्या दिवसांच्या मुक्कामांत मुलांनीं तेथून काय घेऊन यावें, याचा विचार निघण्यापूर्वीं क्वचितच होतो. मीं स्वतः तो केला नव्हता. जन्मभर शाळेंत भूगोल शिकविलेल्या माणसानें तो करूं नये, ही गोष्ट लाजिरवाणी खरी; पण ती सांगितल्यावांचून पुढचें सांगणें व्यर्थ होईल.

आम्ही गेलों होतों निलगिरीवर. तमिळनाडु, केरळ व कर्नाटक हीं तीन राज्यें जेथें एकमेकांस भेटतात, तेथला हा उंच मुलूख. पश्चिमेचा सह्याद्रि व पूर्वेचा पूर्वघाट यांची गांठ येथेंच पडते. या मुलखाचें मुख्य गांव उदकमंडलम्, म्हणजेच आपली उटी, समुद्रसपाटीपासून सुमारें २,२४० मीटर उंचीवर आहे. हा आंकडा नुसता ऐकून मनांत कांहीं उभें राहत नाहीं. म्हणून आपल्या ओळखीच्या डोंगरांशीं तो ताडून पाहूं. आपलें महाबळेश्वर सुमारें १,३५० मीटर उंच. महाराष्ट्रांतील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, तें १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईच्या माथ्यावर आणखी सुमारें ६०० मीटरांचा डोंगर रचावा, तेव्हां कोठें उटीच्या बाजाराची उंची येते. आणि उटीजवळचें दोड्डबेट्ट शिखर तर २,६३७ मीटर उंच आहे. हें सारें विषुववृत्तापासून अवघ्या साडेअकरा अंशांवर, म्हणजे ऐन उष्ण कटिबंधांत.

महिना एप्रिलचा होता. बरोबर मुलगा, सूनबाई, नऊ वर्षांची नात व पांच वर्षांचा नातू. मीं आठ दिवस आधीं बसून एक यादी तयार केली होती. तीन दिवसांत अकरा स्थळें. प्रत्येकापुढें निघण्याची वेळ, पोंचण्याची वेळ. शाळेच्या वेळापत्रकाप्रमाणें आंखलेली. डोंगरावर जाणाऱ्या लहान आगगाडीच्या जागा फार आधीं राखून ठेवाव्या लागतात. त्या कामीं मीं उशीर केला, आणि आम्हांस मिळाल्या त्या उतरतांनाच्या. चढतांना मेट्टुपाळयमहून भाड्याची मोटर करावी लागली. घाट लागण्यापूर्वीं नातवाला पोटभर खाऊं घातलें, आणि तो गडबड करूं नये म्हणून त्याच्या हातीं चित्रांचें पुस्तक दिलें. वाटेंत दोन ठिकाणीं थांबावें असें सूनबाई म्हणत होती. यादींत तितका वेळ नव्हता, म्हणून मीं गाडी थांबवूं दिली नाहीं.

अर्ध्या घाटांत नातवाचा चेहरा पांढराफटक पडला, आणि त्याला उलट्या सुरू झाल्या. उटीस पोंचलों तों सूर्य मावळतीला आला होता. मुलांच्या अंगांत सुती पातळ कपडे. लोंकरीचे कपडे पेटीच्या तळाशीं, आणि पेटी मोटरीच्या टपावर दोरांनीं बांधलेली. ती सोडवीपर्यंत पोर कुडकुडत उभें होतें. रात्रीं त्याचें अंग कढत झालें. झोपेंत तो पाणी मागे, आणि दिलेलें पोटांत राहत नसे. ती रात्र आम्हां कोणालाच झोप लागली नाहीं. परक्या गांवीं, परक्या भाषेच्या मुलखांत, मध्यरात्रीं लहान मूल असें निपचित पडलें, म्हणजे मोठ्या माणसाच्या मनांत काय काय येतें हें सांगावयास नको.

सकाळीं डॉक्टर आले. त्यांनीं तपासून सांगितलें, कीं घाबरण्याचें कारण नाहीं. मूल थकलें आहे, शरीरांतलें पाणी कमी झालें आहे. मीठसाखरेचें पाणी घोटाघोटानें द्या, आणि आज त्याला कोठेंही नेऊं नका. ते गेल्यावर मीं खिशांतून यादी काढली, व आज चुकलेलीं स्थळें उद्यां कशीं बसवितां येतील तें पाहूं लागलों. सूनबाई आजवर मला उलटून बोललेली नाहीं. त्या दिवशींही ती हळूच म्हणाली, "मामंजी, आपण मुलांसाठीं यादी केली, कीं यादीसाठीं मुलें आणलीं?"

मीं यादी घडी करून परत खिशांत ठेविली; ती पुढें काढली नाहीं. त्या एका दिवसाच्या सक्तीच्या विश्रांतींत जें आम्हीं पाहिलें व समजून घेतलें, तेंच आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

प्रथम घाटांतील उलट्यांविषयीं. आपल्या कानाच्या आंत, पडद्यापलीकडे, शरीराचा तोल सांभाळणारें एक इंद्रिय आहे. गाडी वळली, चढली, डोलली, कीं तें मेंदूला तसें कळवितें. डोळेही आपल्या परीनें मेंदूला बातमी देत असतात. मूल खिडकीबाहेर दूरचा डोंगर पाहत असेल, तर दोन्ही बातम्या जुळतात. तेंच मूल मान खालीं घालून पुस्तक पाहत असेल, तर डोळे सांगतात 'सर्व स्थिर आहे', आणि कान सांगतात 'आपण गरगर वळत आहों'. या दोन साक्षींचा मेळ बसला नाहीं, म्हणजे मळमळ सुटते. दोन वर्षांपासून बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना हा त्रास विशेष होतो. म्हणून घाट चढतांना मुलाला पुढें तोंड करून बसवावें. पुस्तक किंवा हल्लीं सर्वत्र झालेला फोन हातीं देऊं नये. दूर पाहण्यास सांगावें. खिडकी थोडी उघडी ठेवावी. पोट अगदीं रिकामें नसावें व तुडुंबही नसावें. आणि दर अर्ध्यापाऊण तासानें गाडी थांबवून दोन पावलें चालूं द्यावें. औषध द्यावयाचें झाल्यास तें निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना विचारूनच द्यावें. मीं यांतील एकही गोष्ट केली नव्हती, आणि तिचें फळ त्या पोरानें भोगलें.

दुपारीं नातू झोपला. नात व मी ओसरीवर उन्हांत बसलों होतों. उन्हांत ऊब, आणि दोन हात सरकून सांवलींत गेलें कीं गारठा. तिनें विचारलें, "आजोबा, आपण डोंगरावर आलों म्हणजे सूर्याच्या जवळ आलों. मग येथें जास्त उकडायला हवें ना? थंडी कां वाजते?"

हा प्रश्न मीं तीस वर्षें वर्गांत फळ्यापाशीं उभा राहून विचारला होता. अंगावर शहारे असतांना तो मला कोणीं विचारण्याची ही पहिलीच वेळ. मीं तिला सांगितलें : सूर्य आपल्यापासून सुमारें १५ कोटी किलोमीटर दूर आहे. त्या वाटेंत आपण जेमतेम दोन किलोमीटर पुढें सरकलों. तेवढ्यानें काय होणार? दुसरी गोष्ट अशी, कीं सूर्याचे किरण हवेंतून बहुतांशीं सरळ खालीं जातात. हवेला ते स्वतः फारसें तापवीत नाहींत. ते तापवितात जमिनीला, आणि जमीन आपल्या अंगावरच्या हवेला. चुलीवरच्या तव्याप्रमाणें हवेला आंच लागते ती खालून. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते. वर तिच्यावर दाब देणारी हवा कमी, म्हणून ती फुगते. आणि फुगण्याच्या श्रमांत तिची उष्णता खर्ची पडते. सायकलच्या चाकांत पंपानें हवा भरतांना पंपाचें बूड गरम होतें, आणि भरलेल्या चाकांतली हवा सोडली, कीं बोटाला गार लागते. दोन्ही ठिकाणीं कायदा हाच. हवा दाबली तर तापते, पसरली तर निवते.

यावर तिची शंका निघाली, कीं डोंगराची जमीनही उन्हांत तापतच असेल. शंका बरोबर होती. दगडाला हात लावून पाहिला तर तो ऊन लागत होता. परंतु मोकळ्या आकाशांतील हवेच्या विस्तारापुढें डोंगराचा माथा तो केवढा! त्यानें तापविलेली हवा वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि भोंवतालची गार हवा तिची जागा घेते. साधारण हिशोब असा, कीं दर एक हजार मीटर चढावें, तों उष्णता सुमारें साडेसहा अंशांनीं उतरते. मेट्टुपाळयमचें स्थानक ३२६ मीटरांवर. तेथून उटी सुमारें १,९०० मीटर उंच. साडेसहानें गुणून पाहा : बारा अंशांहून थोडें अधिक. खालच्या मैदानांत एप्रिलांत पस्तीस-छत्तीस अंश, आणि वर बावीस-तेवीस, असें जें आढळतें त्याचें गणित हें इतकें सरळ आहे. नातीनें तें पाटीवर मांडावें तसें जमिनीवर बोटानें मांडलें, आणि उत्तर जुळल्यावर तिला जो आनंद झाला, तसा अकरा स्थळें पाहूनही झाला नसता.

उष्ण कटिबंधांतील उंच प्रदेशाचें आणखी एक लक्षण आहे, आणि मुलें बरोबर नेणारानें तें पक्कें ध्यानांत ठेवावें. तेथें थंडी व उन्हाळा हे महिन्यांत फारसे वाटलेले नसून दिवस व रात्र यांत वाटलेले असतात. नागपुरास जानेवारींतील दुपार व मे महिन्यांतील दुपार यांत चौदा-एक अंशांचें अंतर पडतें. उटीस तें तीन-चार अंशांहून फारसें नसतें. कारण विषुववृत्ताच्या इतक्या जवळ सूर्य बाराही महिने जवळजवळ माथ्यावरून जातो. मात्र तेथें एकाच दिवसाच्या दुपारीं व पहाटे दहा-बारा अंशांचें अंतर सहज पडतें. विरळ व स्वच्छ हवेंतून जमिनीची उष्णता रात्रीं चटकन निसटून जाते. डिसेंबर-जानेवारींत निरभ्र रात्रीं सखल भागांतील गवतावर हिमाचा थरही जमतो. यावरून धडा असा, कीं मुलांना एक जाड कपडा घालण्यापेक्षां तीन पातळ कपडे एकावर एक घालावे : सकाळीं तिन्ही, दुपारीं एक, संध्याकाळीं पुन्हां तिन्ही. आणि ते पेटीच्या तळाशीं न ठेवितां हाताशीं असलेल्या पिशवींत ठेवावे. पावसाचा अंगरखाही त्याच पिशवींत असावा. डोंगरावर ढग यावयाला निमंत्रण लागत नाहीं.

विरळ हवेचे आणखी कांहीं चमत्कार आम्हांस त्याच दिवशीं घरबसल्या दिसले. समुद्रकांठीं हवेचा दाब शंभर भाग धरिला, तर उटीस तो सुमारें सत्त्याहत्तर भाग उरतो. सूनबाईनें नातवासाठीं उघड्या पातेल्यांत मऊ भात चढविला. तो नेहमींच्या वेळांत शिजेना. पाणी उकळत तर होतें, पण तेथें तें सुमारें ९२-९३ अंशांवरच उकळतें. उकळी आली म्हणजे आंच पुरेशी झाली असें तेथें समजूं नये. भात-वरणाला अधिक वेळ द्यावा, किंवा झाकण घट्ट बसणारें दाबाचें भांडें वापरावें. दुसरी मौज चिवड्याच्या पुड्याची. घरून आणलेला बंद पुडा पिशवींतून काढला, तों तो उशीसारखा टम्म फुगलेला! आंत कोंडलेली हवा खालच्या मुलखांतली, बाहेर दाब कमी. म्हणून तो फुगला. अंथरुणांतल्या नातवाला तो दाखविला. आदल्या दिवसानंतर तो प्रथमच हंसला. त्यानें तो पुडा फोडूं दिला नाहीं. उशापाशीं ठेवून घेतला.

कानांत दडा बसतो त्याचेंही कारण हेंच. घाट चढतां-उतरतांना मुलांना घोट घोट पाणी द्यावें. अंगावर पिणाऱ्या बाळाला त्या वेळीं पाजावें. गिळण्याच्या क्रियेनें कानांतला दाब सारखा होतो. तसेंच, हवा थंड आहे म्हणून ऊन सौम्य आहे असें मानूं नये. उन्हांतील कातडी भाजणारे अदृश्य किरण दर हजार मीटरांस सुमारें दहा टक्के वाढतात. म्हणून टोपी हवीच. उंचीचा जो खरा आजार, डोकें दुखणें, श्वास लागणें, तो बहुधा अडीच हजार मीटरांच्या पुढें होतो. उटीस निरोगी मुलाला त्याची भीति सहसा नाहीं. मात्र ज्या मुलाला हृदयाचा किंवा फुप्फुसांचा जुना विकार असेल, त्याच्या डॉक्टरांचा सल्ला घेतल्याविना असल्या उंचीवर नेऊं नये.

तिसऱ्या दिवशीं नातू उठून बसला. त्या दिवशीं आम्हीं एकच स्थळ पाहिलें : सरकारी वनस्पति-उद्यान. १८४८ सालीं त्याची उभारणी सुरू झाली, व विल्यम मॅकआयव्हर नांवाच्या माळ्यानें डोंगराच्या उतारावर तें आंखलें. तेथें एक दगड झालेलें झाडाचें खोड ठेविलेलें आहे. त्याचें वय सुमारें दोन कोटी वर्षें सांगतात. नातीनें त्याला हात लावून पाहिलें. नातवाला त्या कोटींशीं कर्तव्य नव्हतें. तो हिरवळीच्या उतारावरून लोळत खालीं यावा, पुन्हां चढावा, पुन्हां लोळावा, असें तासभर चाललें. मीं घड्याळ पाहिलें नाहीं.

याच मॅकआयव्हरचा मुलांच्या तापाशीं एक जुना संबंध आहे. हिंवतापावर त्या काळीं एकच खात्रीचें औषध होतें, तें म्हणजे कोयनेल. तें सिंकोना झाडाच्या सालीपासून निघतें, आणि हें झाड मूळचें दक्षिण अमेरिकेंतील उंच डोंगरांतलें. १८६० सालीं क्लेमेंट्स मार्कहॅम यानें पेरूंतून त्याचीं रोपें व बियाणें मिळविण्याची मोहीम केली, व तीं रुजविण्यासाठीं निलगिरि निवडला गेला. कां? तर उष्ण कटिबंध तोच, आणि उंचीही तशीच. मॅकआयव्हरनें दोड्डबेट्टच्या उतारांवर हीं झाडें वाढविलीं. चहा, बटाटा, निलगिरि तेलाचें ऑस्ट्रेलियांतील उंच झाड, हींही येथें बाहेरूनच आलीं. उंची हा जणूं एक देश आहे, आणि दूरदूरच्या उंचीवरचीं झाडें येथें सगोत्र म्हणून सुखानें नांदतात.

परंतु या पाहुण्यांच्या आधींही येथें झाडें होतीं व माणसेंही होतीं. कोइमतूरचा कलेक्टर जॉन सलिव्हन १८१९ सालीं या डोंगरांत आला, व पुढें त्यानें उटी वसविली, म्हणून त्यानें हा प्रदेश 'शोधून काढला' असें पुस्तकांत लिहितात. त्यापूर्वीं कित्येक शतकें तोडा लोक येथें म्हशी चारीत होते, कोता व बडगा लोकही येथेंच नांदत होते. तोडांचीं जुनीं घरें अर्ध्या पिंपासारखीं कमानदार, आणि पांढऱ्या कापडावर लाल-काळ्या धाग्यांनीं ते करीत असलेलें भरतकाम फार सुंदर. मुलांना हें अवश्य सांगावें. मात्र कोणाच्या घरांत कुतूहलानें डोकावूं नये. तें घर आहे, प्रदर्शन नव्हे.

मूळचीं झाडें पाहावयाचीं तर 'शोला' पाहावें. डोंगराच्या उघड्या पाठीवर गवत, आणि घळींत ठेंगण्या, दाट, सदाहरित झाडांचे पुंजके. या रानाला तेथें शोला म्हणतात. पावसाचें पाणी हें गवत व हें रान स्पंजासारखें शोषून धरितें, व उन्हाळ्यांत थोडें थोडें सोडतें. भवानी नदीला हें पाणी मिळतें. भवानी कावेरीला मिळते. आणि कावेरीवर खालच्या मैदानांतील भातशेती जगते. गेल्या दोनशे वर्षांत या गवताळ भूमीचा पुष्कळसा भाग चहाच्या मळ्यांखालीं व परक्या झाडांच्या लागवडीखालीं गेला. थंड हवेचा मुलूख मुळांतच थोडा. डोंगराचा माथा पायथ्याएवढा रुंद कधींच नसतो. त्या अरुंद माथ्यावर सुटींत सारें मैदान एकदम चढूं पाहतें. म्हणून उच्च न्यायालयाच्या हुकुमानें मे २०२४ पासून बाहेरच्या मोटरींना आधीं नोंदणी करून परवाना घेण्याची अट घातली गेली, आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्यांना या जिल्ह्यांत बंदी आहे. कोणी याला जाच म्हणतात. मला तो पाहुण्यानें पाळावयाचा साधा शिष्टाचार वाटतो. पाण्यासाठीं धातूची बाटली घरूनच न्यावी.

चौथ्या दिवशीं आम्ही उतरलों, तें त्या लहान आगगाडीनें. मेट्टुपाळयमपासून कुन्नूरपर्यंत ही गाडी १८९९ सालीं सुरू झाली, व १९०८ सालीं ती उटीपर्यंत पोंचली. लांबी ४६ किलोमीटर. त्यांत २५० पूल व १६ बोगदे. चढण्यास सुमारें पांच तास व उतरण्यास साडेतीन तास लागतात. कुन्नूर ते कल्लार या टप्प्यांत उतार इतका तीव्र आहे, कीं बारा मीटर पुढें जावें तों एक मीटर खालीं यावें. साध्या रुळांवर तेथें चाकें घसरतील. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दांतेरी पट्ट्या बसविल्या आहेत, आणि इंजिनाचें दांतेरी चाक त्यांत अडकून एक एक दांत धरीत चालतें. इंजिन नेहमीं उताराच्या बाजूस असतें; चढतांना तें मागून ढकलतें, उतरतांना पुढें राहून सगळ्या डब्यांना पाठीनें अडवून धरितें. नातू म्हणाला, "आजोबा, मी जिना उतरतांना बाबा असेच माझ्यापुढें चालतात." याहून चांगलें स्पष्टीकरण मला देतां आलें नसतें. २००५ सालीं युनेस्कोनें या रेल्वेला जागतिक वारशांत स्थान दिलें, तें योग्यच झालें.

गाडी सावकाश असल्यामुळें नातवाला कांहीं त्रास झाला नाहीं. खिडकींतून मुलांनीं डोंगर उतरतांना पाहिला. प्रथम निलगिरीचीं उंच झाडें, मग चहाचे मळे, मग दाट रान, आणि कल्लारच्या आसपास सुपारीच्या बागा. हवाही तशीच बदलत गेली. कुन्नूरला वरचा कपडा निघाला, पुढच्या टप्प्यांत दुसरा निघाला, आणि पायथ्याशीं कपाळावर घाम आला. साडेतीन तासांत आम्हीं एका देशांतून दुसऱ्या देशांत यावें तसे आलों. आणि हा सगळा फरक कशानें झाला, हें नऊ वर्षांच्या मुलीला ठाऊक होतें.

म्हणून, श्रोतेहो, लहान मुलांसह असल्या ठिकाणीं जाणारांस माझें सांगणें थोडें आहे. दिवस चार असले, तर एक दिवस चढण्याचा, एक विसांव्याचा, एक पाहण्याचा व एक उतरण्याचा, असे धरावे. गाडीच्या जागा आधीं राखाव्या. उबेचे कपडे व पाणी हाताशीं ठेवावें. दिवसाला एकच स्थळ पाहावें, आणि तेथें मुलाचें मन भरेपर्यंत थांबावें. परतल्यावर मुलाला किती स्थळें पाहिलींस असें विचारूं नये. तेथें थंडी कां होती, असें विचारावें. त्याला तें सांगतां आलें, तर सहलीचें सार्थक झालें.

मेट्टुपाळयमला फलाटावर उतरलों, तेव्हां नातवानें पिशवींतून आपला चिवड्याचा पुडा काढला. तो पुन्हां होता तसा सैल पडला होता. त्यानें तो दोन्ही हातांनीं दाबून पाहिला, आणि म्हणाला, "आजोबा, आतां हा फोडा. आपण खालीं आलों." आम्हीं तेथेंच बांकावर बसून तो खाल्ला.